दोनशे त्रेसष्ट

"मिथिलताई, जरा बसून घ्या," जंतूभाऊ दारातूनच म्हणाले.

मिथिलताईचे दोन्ही हात प्रयोगशाळेतल्या वाफा ओढून घेणाऱ्या हूडच्या काचेआड होते. एका हातात गोल बुडाचा फ्लास्क होता, दुसऱ्यात काचेची कांडी, आणि त्या कांडीने ती फ्लास्कची आतली बाजू हलकेच खरवडत होती. आत मधासारखं चिकट काहीतरी होतं. तीन दिवस ते तसंच चिकट राहिलं होतं.

"दोन मिनिटं," ती मान न वळवता म्हणाली. "स्फटिक व्हायचं याच्या मनात आलंय. आत्ता सोडलं तर रुसेल."

जंतूभाऊ थांबले. अशा वेळी तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला जमलं नाही, की फ्लास्क फिरत फिरत तिच्याच टेबलावर यायचा. थोड्या वेळाने कांडीच्या टोकाशी एक पांढरा ठिपका दिसला. त्याला सुया फुटल्या, सुयांना आणखी सुया फुटल्या, आणि बघता बघता सगळा मध पांढराफेक झाला. तिने फ्लास्क बर्फात ठेवला, हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली.

"बोला."

"तुमचा दोनशे बारा नंबरचा रेणू." जंतूभाऊंनी कागद पुढे केला. "दोनदा केलं. मग तिसऱ्यांदा केलं, कारण माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पेशींमधला विषाणू गप्प झालाय. आणि औषध किती, तर नखाएवढंही नाही."

मिथिलताईने कागद घेतला. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आली, परत वर गेली, आणि चष्मा काढून पदराने पुसत बसली.

जंतूभाऊ तिसऱ्या मजल्यावर विषाणू वाढवायचं आणि मारायचं काम करत, म्हणून ते जंतूभाऊ. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. मिथिलताईचंही तेच. मिथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. एखाद्या रेणूला लावता येणारा अगदी लहानसा तुकडा. कुठलाही रेणू अडला, की "एक मिथिल लावून बघू या का," असं ती सव्वीस वर्षं म्हणत आली होती. दहातल्या नऊ वेळा त्याचा काडीचा उपयोग होत नसे. दहाव्या वेळेच्या जोरावर नाव चिकटलं.

या सव्वीस वर्षांत तिने दोन हजारांवर रेणू बनवले होते. त्यातला एकही गोळी होऊन माणसाच्या पोटात गेला नव्हता. तिच्या धंद्यात हे नवलाचं नव्हतं. बहुतेकांची अख्खी नोकरी अशीच सरते. रेणू कागदावर काढायचा, महिनाभर खपून बनवायचा, वर पाठवायचा, आणि गुरुवारी उत्तर यायचं: नाही. मग नाही का, याचा विचार करत पुढचा काढायचा.

हा विषाणू यकृतात घर करणारा होता. पंचवीस-तीस वर्षं तो गुपचूप बसतो आणि यकृत आतून वाळवत नेतो. त्याच्यावरच्या कामाला कंपनीने चार वर्षांपूर्वी हात घातला, तेव्हा मिथिलताईने रक्तदाबाच्या गटातून स्वतःहून बदली मागून घेतली होती. गटप्रमुख सरांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तेच तेच करून कंटाळा आला." खरं कारण चार बसथांबे पलीकडे, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतं.

त्या दिवशी ती सहा वाजता निघाली आणि घरी न जाता तिकडेच गेली.

दार वहिनीने उघडलं. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. पायांवर सूज होती म्हणून पाय स्टुलावर ठेवले होते. डोळ्यांतला पिवळेपणा संध्याकाळच्या उजेडातही लपत नव्हता.

"काय म्हणतेय कात्री?" त्याने नेहमीचं विचारलं.

दादाने उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. तरुणपणी एका इमारतीत तो पडला, मांडीचं हाड मोडलं, चार बाटल्या रक्त द्यावं लागलं. त्या काळी रक्तात हा विषाणू आहे का, हे बघायची सोयच नव्हती. पाय बरा झाला. त्याबरोबर काय आत आलं, ते सत्तावीस वर्षांनी कळलं. तेव्हा मिळत होती ती इंजेक्शनं वर्षभर घेऊन झाली. केस गळले, वजन गेलं, विषाणू होता तिथेच राहिला. यकृत बदलायच्या यादीत त्याचं नाव होतं, पण यादीपेक्षा तो भराभर खचत होता.

यंत्राचं त्याला लगेच कळायचं, म्हणून बहिणीने त्याला तिचं काम यंत्रासारखंच समजावलं होतं. हा विषाणू आपली सगळी प्रथिनं एका लांब पट्टीत बनवतो. मग त्याचीच एक कात्री ती पट्टी नेमक्या जागी कापते, आणि तुकडे जोडून नवे विषाणू तयार होतात. कात्री अडकली की कारखाना बंद.

"म्हणजे कात्रीत खडा घालायचा," दादा तेव्हा म्हणाला होता.

"खडा कुठल्याही कात्रीत अडकेल, दादा. आपल्या अंगातही कात्र्या आहेत. त्यांना हात न लावता या एकीतच बसेल, असा खडा पाहिजे."

"मग तो कानस मारून मारूनच बसवावा लागणार."

"तेच तर करतेय."

आज ती त्याच्या समोर बसली. कंपनीचं काम बाहेर बोलायचं नाही, अशी सही तिने केलेली होती. पण तिने त्याचा हात हातात घेतला, आणि त्या हाताच्या हलकेपणाने तिच्या तोंडून निघून गेलं.

"बसला, दादा. खडा बसला."

मागे वहिनी भांडी पुसत होती, तो आवाज थांबला. पुढे कित्येक वर्षं मिथिलताईला वाटत राहिलं, की आपण चुकलो असू तर इथेच. औषध न देण्यात नाही. हे सांगण्यात.

*

दोनशे बाराला अजून खूप लांब जायचं होतं. पेशींवर ते लागू पडत होतं, पण पाण्यात विटेसारखं तळाला बसायचं. उंदराला दिलं, तर अर्ध्या तासात रक्तात नावालाही उरायचं नाही. यकृताचं काम भंगारवाल्यासारखं असतं. अनोळखी काही आलं की ते मोडून मोकळं होतं. मोडतंय कुठे, ते मिथिलताईने शोधलं. रेणूच्या एका कोपऱ्यातल्या हायड्रोजनवर यकृत दात रोवत होतं. तिथे तिने फ्लोरीनचा अणू बसवला. दात बसेना. मग दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलं. तिथेही दार लावलं, तर औषध कात्रीत नीट बसेना.

"चादर तोकडी आहे," ती सरांना म्हणाली. "डोकं झाकलं की पाय उघडे."

सर तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होते. हुशार होते आणि हुशारीचा त्रास देत नसत. "तुमच्या मनात काय आहे?" त्यांनी विचारलं.

मिथिलताईने फळ्यावर रेणू काढला आणि एका बाजूचं अणूंचं कडं पुसून तिथे गंधक असलेलं पाच कोनांचं कडं काढलं. "हे घालू. आकाराने बारीक आहे. कात्रीच्या खोबणीत अंग चोरून बसेल."

"मिथिल नाही?" सरांनी विचारलं.

"आज नाही," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

ते कडं घातलेला पहिला रेणू दोनशे अठ्ठावन्न. मग थोडी कानस, आणखी थोडी कानस. दोनशे त्रेसष्ट बनवायला अकरा पायऱ्या होत्या आणि आठव्या पायरीला डांबर व्हायचं. मिथिलताईने ते डांबर चारदा टाकून दिलं आणि पाचव्यांदा जमवलं. दोनशे त्रेसष्ट विरघळत होतं. उंदराच्या रक्तात दिवसभर टिकत होतं. कात्रीत असं बसत होतं, की जंतूभाऊंना मोजायला नवीन पद्धत काढावी लागली. चाळीस ग्रॅम पांढरी भुकटी एका तपकिरी बाटलीत भरून तिने चिठ्ठी चिकटवली, आणि बाटली थंड कपाटात ठेवली. आता जनावरांवरच्या लांब चाचण्या, आणि त्या निभावल्या तर माणसं.

या सगळ्याला चौदा महिने लागले. धंद्याच्या हिशेबाने हे वाऱ्याच्या वेगाने झालं होतं. दादाच्या हिशेबाने नाही. त्याच्या पोटात पाणी साठायला लागलं. दर पंधरा दिवसांनी ते काढावं लागे. मग तीन आठवडे रुग्णालय, चार दिवस घर, परत रुग्णालय. एकदा त्याने वहिनीला ओळखलंच नाही. तिला लिफ्टच्या मालकाची बायको समजून, अदबीने, दुपारपर्यंत काम होईल म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी यादीतून नाव काढायचं ठरवलं. एवढी मोठी शस्त्रक्रिया आता झेपणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खालून निरोप आला, की भेटायला कुणी आलंय.

वहिनी पाहुण्यांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. मिथिलताईने दार लोटलं.

"तुम्ही इथे कशा, वहिनी? दादा..."

"झोपलाय. शेजारच्या पेशंटची बायको बघतेय." वहिनीने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "बेबी, मी फिरवून बोलत नाही. ते औषध तयार आहे ना?"

घरात मिथिलताईचं नाव अजूनही बेबी होतं. त्रेपन्नाव्या वर्षी.

"तयार म्हणजे भुकटी तयार आहे. औषध नाही ते अजून."

"काय फरक?"

"कुणी घेतलेलं नाही, वहिनी. माणसाने म्हणून कुणी घेतलेलं नाही. मोठ्या जनावरांवरची चाचणी सोमवारी सुरू झाली. ती संपेपर्यंत..."

"किती दिवस?"

"महिनाभर. मग तपासणी."

"डॉक्टर महिनाच सांगतायत." वहिनीचा आवाज चढला नाही. ती फळांच्या गाडीपाशी बोलावं तशी बोलत होती. "मला बाटली नको. चमचाभर दे. कुणाला कळणार नाही. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही, मी देवाशपथ सांगते."

"नोकरीचं नाही हो वहिनी. सरांनाही विचारलं मी काल. काही रीतसर वाट आहे का म्हणून. ते म्हणाले, जनावरांचे निकाल नसतील तर कुठलीही समिती कागद वाचणारसुद्धा नाही."

"समितीला नाही, मी तुला विचारतेय."

मिथिलताई तिच्या शेजारी बसली. "हे औषध यकृतातून जातं. किती द्यायचं, किती वेळ टिकेल, हे सगळं मी धडधाकट यकृतावरून काढलंय. दादाचं यकृतच राहिलेलं नाही. त्याच्या अंगात हे किती साठेल, काय करेल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"मरतोच आहे तो. मरणाऱ्याला आणखी काय होणार?"

"लवकर होईल. आणि दुखून होईल."

वहिनी बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या छापील सूचना वाचत असल्यासारखी बसली. मग उठली.

"तुझ्या जागी तो असता," ती म्हणाली, "तर त्याने तुला दिलं असतं."

येते, जाते, काही न म्हणता ती निघून गेली.

मिथिलताई वर आली. थंड कपाटातून तपकिरी बाटली काढली. वजनकाट्याच्या काचेच्या दाराआड एक छोटी कुपी ठेवली आणि भुकटी घालायला लागली. दादाचं वजन एक्कावन्न किलो, त्यातलं पोटातलं पाणी वजा करायचं. उंदराच्या मात्रेवरून माणसाची काढायची, तिच्या निम्मी करायची, परत निम्मी. आकडे तिच्या डोक्यात आपोआप येत होते, जणू ते आधीच कुणीतरी करून ठेवले होते. पाच दिवसांपुरतं झालं तेव्हा तिने कुपीचं झाकण लावलं. सवयीने चिठ्ठी घेतली. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून चिठ्ठीशिवाय कुपी गेली नव्हती. पेन हातात धरून ती थांबली. काय लिहायचं ते सुचेना. चिठ्ठी तशीच ठेवून तिने कुपी कोटाच्या खिशात टाकली आणि जिन्याकडे गेली.

जिन्याच्या वळणावर जंतूभाऊ वर येत होते. तिचा चेहरा बघून ते थांबले. मग त्यांची नजर तिच्या खिशावर गेली. खिशावर तिने हात धरला होता.

"घरातलं कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

पाच वर्षं दर गुरुवारी आकडे घेऊन येणाऱ्या या माणसाला तिने हे आज पहिल्यांदा सांगितलं. जंतूभाऊंनी कठड्याला हात टेकला.

"तुम्ही असता तर दिलं असतंत?" तिने विचारलं.

"मला विचारू नका, ताई."

"विचारतेय."

"मी दिलं असतं," जंतूभाऊ म्हणाले. "आणि म्हणूनच मला विचारू नका. मला त्या बाटलीतलं अर्धंही कळत नाही. मी फक्त विषाणू मेला का ते बघतो. माणसाचं काय होतं, ते बघायला तुम्ही लोक असता."

ते वर निघून गेले. मिथिलताई वळणावर उभी राहिली. खालून जेवणाच्या सुट्टीला निघालेल्या माणसांचे आवाज येत होते. मग ती परत फिरली. एकदा बाहेर काढलेली भुकटी मूळ बाटलीत घालायची नसते. तिने कुपी टाकाऊ रसायनांच्या डब्यात रिकामी केली, कुपी दोनदा धुतली, तिसऱ्यांदा धुतली, आणि वाळायला उपडी ठेवली.

संध्याकाळी ती रुग्णालयात गेली. वहिनी तिला बघून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. दादा त्या दिवशी शुद्धीवर होता.

"आली होती ना ती तुझ्याकडे?" तो म्हणाला.

"हो."

"मी नको म्हणालो होतो." थोडा दम घेऊन तो म्हणाला, "नको म्हणालो, पण नेटाने नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊन बघू दे."

मिथिलताईने त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"नाही देता येणार, दादा."

"हं."

"तू रागावलास?"

तो छताकडे बघत होता. "नवी लिफ्ट बसली की आधी लोखंडी वजनं घालून वरखाली करतो आपण. आठ माणसांची असली तर दहा माणसांचं वजन. मग आपण स्वतः. मग लोक. एकदा एक मालक म्हणाला, म्हातारी आई पाचव्या मजल्यावर अडकलीये, आजच चालू करा, वजनं राहू देत. मी नाही केली. चार माणसांनी खुर्चीत बसवून उतरवली म्हातारीला. मालकाने मला फार शिव्या दिल्या." तो किंचित हसला. "त्या लिफ्टचा ब्रेक चांगला निघाला, बरं का. वजनं न घालता चालली असती."

"मग?"

"मग काय. ते आधी कुठे माहीत होतं?"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "चव कशी आहे गं त्याची?"

"कुणी चाखलेलं नाही."

"कडूच असणार," दादा म्हणाला, आणि डोळे मिटले.

तो एकोणीस दिवसांनी गेला, मंगळवारी, दुपारी सव्वातीनला. मिथिलताई तेव्हा बसमध्ये होती. वहिनीने तिला आत येऊ दिलं, तिच्या गळ्यात पडली नाही, आणि आलेल्या माणसांसमोर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

*

चाचणीचा निकाल त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि खुर्चीवर न बसता सांगितलं.

"दोनशे त्रेसष्ट थांबतंय."

पहिले दोन आठवडे जनावरं खात-पीत होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे पडायला लागले. आत बघितलं तेव्हा यकृताच्या पेशी पट्ट्यापट्ट्यांनी मेलेल्या होत्या. दोष कुठे होता, तेही सापडलं होतं. यकृत त्या गंधकाच्या कड्याला उघडत होतं, आणि उघडलेलं कडं पेशीलाच जाऊन चिकटत होतं. मिथिलताईने फळ्यावर काढलेलं कडं.

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी फार काळजीपूर्वक बघितलं नाही.

"कडं काढावं लागेल," ती म्हणाली. आवाज नीट आला याचं तिला बरं वाटलं. "काढलं की पकड सैल पडेल. दहापट तरी. तिथून परत वर यावं लागेल."

खोलीतून बाहेर पडताना तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं. आपण दिलं नाही ते बरोबर होतं. पाच पावलांनंतर तिला आपल्याला काय वाटलं ते कळलं, आणि ती प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

हे वहिनीला सांगायला हवं, असं तिला वाटलं. वहिनीच्या मनात गाठ राहू नये. आपल्याजवळ जादू होती आणि आपण कपाटात कुलूपबंद ठेवली, असं तिला जन्मभर वाटू नये. रविवारी सकाळी ती गेली.

वहिनीने चहा केला. दोन कप ठेवले. मिथिलताईने सगळं सांगितलं, सोपं करून, काही न लपवता. जनावरांचं सांगितलं. कडं तिचं स्वतःचं होतं, हेही सांगितलं. "दादाला दिलं असतं तर त्याचं उरलंसुरलं यकृत आठ-दहा दिवसांत गेलं असतं, वहिनी. फार हाल झाले असते."

वहिनी ऐकत होती. चहावर साय धरली.

"म्हणजे तू बरोबर होतीस," ती शेवटी म्हणाली.

"तसं नाही. मलाही माहीत नव्हतं..."

"बरोबर होतीस." वहिनीने कप बाजूला सरकवला. "बेबी, एक सांगू? हे तू सांगायला नको होतंस."

मिथिलताईने आपला कप खाली ठेवला.

"मला वाटायचं, औषध होतं. तू दिलं नाहीस. सकाळी उठले की आधी तुझा राग यायचा. मग त्या रागात अंघोळ व्हायची, केर निघायचा, दोन घास पोटात जायचे. दिवस जायचा." ती दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता बोलत होती. "आता तू म्हणतेस, औषध नव्हतंच. काहीच नव्हतं. मग आता मी उद्या उठून कुणावर रागावू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. गाडी चालू होत नव्हती.

"थोडे दिवस येऊ नकोस," वहिनी म्हणाली. "तुझ्यावर राग नाही. राग नाही, म्हणूनच."

मिथिलताई आठ महिने तिकडे गेली नाही. मग एका दुपारी वहिनीचा फोन आला, की खिडकीची कडी निखळलीये, तुझ्या ओळखीचा सुतार आहे का. सुतार नव्हता. मिथिलताई स्वतःच पेचकस घेऊन गेली.

कडं काढल्यावर पकड सैल पडली, तिने सांगितलं होतं तशी. ती परत आणायला तीन वर्षं लागली. जे शेवटी जमलं ते तीनशे अठरा, आणि ते मिथिलताईने बनवलं नव्हतं. तिच्या शेजारच्या टेबलावर नव्याने आलेल्या एका बाईने ते कागदावर काढलं, आणि काढताक्षणी मिथिलताईला दिसलं की हे चालेल. कुठल्याही हट्टाशिवाय ती म्हणाली, "हे करा, माझं राहू दे." त्यातला फ्लोरीन तेवढा तिने बसवलेल्या जागीच राहिला होता. तीनशे अठरा माणसांना द्यायला सुरुवात झाली, त्या वर्षअखेरीस ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी जंतूभाऊंनी भाषण केलं नाही. तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले, आणि बस येईपर्यंत थांबले.

*

आणखी चार वर्षं गेली. एका सकाळी वहिनीच्या गुडघ्यांच्या गोळ्या आणायला दोघी औषधाच्या दुकानात गेल्या. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली. मिथिलताई रांगेत उभी राहिली.

तिच्या पुढे चाळिशीचा एक माणूस होता. कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, रंगारी असावा. दुकानदाराने त्याच्यासमोर हिरव्या पट्टीचा एक डबा ठेवला. तो डबा मिथिलताईने वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला होता. प्रत्यक्षात तो बराच लहान होता.

"हे जेवायच्या आधी की नंतर?" रंगाऱ्याने विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलं नाही?" दुकानदार पुढच्या चिठ्ठीतलं अक्षर लावत होता.

"सांगितलं असेल. तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

"जेवणानंतर," मिथिलताई म्हणाली.

रंगारी वळला. दुकानदारानेही चष्म्यावरून बघितलं.

"भरल्या पोटी घ्या. रिकाम्या पोटी अंगात नीट उतरत नाही. रोज एकाच वेळेला."

"आणि एखादी राहिली तर?"

"आठवली की लगेच घ्या. पण दोन एकदम नका घेऊ. आणि बरं वाटायला लागलं म्हणून मधेच सोडू नका. बारा आठवडे पूर्ण करा."

रंगारी ओठ हलवत ते पाठ करत होता. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग अजून पांढरा होता, हे तिने बघून घेतलं.

"तुमच्या घरात घेतं का कुणी हे?" त्याने विचारलं.

"नाही," मिथिलताई म्हणाली. "आमच्याकडे नाही."

त्याने मान हलवली, डबा शर्टाच्या खिशात घातला, बसेना म्हणून हातातच धरला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला.

मिथिलताई गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन बाहेर आली. वहिनी रस्त्याकडे बघत होती.

"तेच का ते?" तिने विचारलं.

"त्याच्यानंतरचं. त्याच घरातलं."

रंगारी रस्त्याच्या कडेला गाड्या थांबायची वाट बघत उभा होता. तो पलीकडे जाऊन गर्दीत दिसेनासा होईपर्यंत वहिनी बघत राहिली. मग तिने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि थोडी सरकून मिथिलताईला बसायला जागा केली.